रोमवरचा राग

नांदुऱ्यात माणूस माणसाला भेटला की 'राम राम' म्हणतो. उत्तमरावांना मात्र पोरं 'रोम रोम' म्हणायची आणि धूम ठोकायची, कारण उत्तमराव खरोखरच काठी घेऊन मागे लागत. साठीचा गडी, डोक्यावर पांढरी टोपी, एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात काठी आणि तोंडाने, "त्या रोमाची ऐशी की तैशी." पोरं तोवर कापसाच्या गाड्यांआड गडप झालेली असत. मग निघालेला राग वाया जाऊ नये म्हणून ते वाटेतल्या एखाद्या भल्या माणसाला धरत आणि रोम हे कसं बेइमान गाव आहे ते त्याला पटवून देत. मी त्यांच्याच घरात भाडेकरू होते. मला वाटेत धरायचीही गरज नव्हती.

मी पुण्याची. महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हा नांदुऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायला आले. माझा स्वभाव तापट. आई म्हणायची, हिला शाळेतच नोकरी हवी, तिथे ओरडलं तरी कुणी नावं ठेवत नाही. पहिलं वर्ष मी 'मले'चं 'मला' करण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी माझ्याच तोंडून 'काऊन बे' निघालं तेव्हा तो नाद सोडला. संध्याकाळी वह्या तपासायला बसावं तर बाहेर ओट्यावर उत्तमरावांची सभा सुरू झालेली असे, आणि त्यांच्या माझ्यामधली भिंत म्हणजे नावाला भिंत. एकदा मी तावातावाने बाहेर येऊन म्हणाले की रोमला जे सांगायचं असेल ते रोमलाच पत्राने कळवा. त्यावर त्यांनी मला बसायला पाट दिला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तर पहिल्यापासून. उत्तमरावांची कापसाची अडत होती, गावाबाहेर वावर होतं आणि एकुलती एक लेक शांता जर्मनीत होती. तिचा नवरा तिथे इंजिनियर. त्याने सासूसासऱ्यांना तिकिटं पाठवून बोलावून घेतलं आणि त्यांचा मुक्काम संपत आला तेव्हा हौसेने दोघांना एका बसमध्ये बसवून दिलं. ही बस प्रवाशांना युरोपातली मोठमोठी शहरं दाखवत फिरायची. नांदुऱ्यातून असं फिरून आलेलं हे पहिलंच जोडपं. परत आले तेव्हा स्टेशनवर हारतुरे झाले, ताशे वाजले. आता वर्षभर ऐकायला मिळणार म्हणून गाव खूश होतं. ऐकायला मिळालं खरं, पण ते हे असं.

बाकीच्या शहरांवर त्यांचा राग नव्हता, नुसती नाराजी होती. पॅरिसच्या लोखंडी मनोऱ्याबद्दल ते म्हणत, "एवढी मोठी चिमनी उभी केली अन् खाली कापसाचं जिनच लावलं नाई." व्हेनिसबद्दल त्यांची तक्रार अशी की सारं गाव पाण्यात आणि एक वावर ओलीत नाही. पण रोम आलं की टोपी डोक्यावरून निघायची आणि मांडीवर आपटायची. आमच्या हेडमास्तरांनी कौतुकाने त्यांचं शाळेत भाषण ठेवलं. त्याचं फळ मला सहामाहीत मिळालं. रोम शहराची वैशिष्ट्ये लिहा, या प्रश्नाला अर्ध्या वर्गाने उत्तर लिहिलं होतं : पडकी घरे, उघडे पुतळे व बेइमान लोक. मी रागाने एक पेपर उत्तमरावांपुढे नेऊन टाकला. त्यांनी तो चष्मा लावून नीट वाचला आणि पोरगं हुशार आहे असं सांगून परत दिला.

रोमचा गुन्हा काय, तर तिथे त्यांची बायको हरवली. म्हणजे कौसल्याबाई. मी त्यांना काकू म्हणायची.

इथे नांदुऱ्याचे नवराबायको बाहेर कसे चालतात ते सांगायला हवं. नवरा पुढे, बायको चार पावलं मागे. नवरा समोर बघून बोलतो आणि बायको मागून 'हो' म्हणते. त्याला वळून बघायचं काही कारण पडत नाही, कारण ती असतेच. उत्तमरावांनी अख्खा युरोप असाच पाहिला. रोममध्ये बसवाल्याने दुपारभर सगळ्यांना मोकळं सोडलं तेव्हाही ते असेच निघाले. पडक्या देवळांकडे काठी करत, माहिती देत बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं की पाय दुखतात काय. मागून उत्तर नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर नाही. मग मात्र ते भडकले आणि पुढच्या चौकापर्यंत त्यांनी मूग गिळून बसणाऱ्या बायकांचा भरपूर उद्धार केला. शेवटी वळून पाहिलं तर मागे पांढऱ्या कपड्यातली एक ख्रिस्ती जोगीण होती. ती बिचारी मान डोलावत सगळं ऐकत आली होती.

पोलीस चौकीत गेले तर तिथला शिपाई स्वतःचा कोट चिमटीत धरून 'कलर, कलर' करायला लागला. हा भाग सांगताना उत्तमराव अजूनही लाल होत. "माह्या बायकोच्या लुगड्याचा रंग तुले काऊन पाह्यजे?" असं त्याला सुनावून ते तिथून उठले. ओट्यावरच्या मंडळींना हे उत्तर फार आवडायचं. मला मात्र दर वेळी वाटे की या माणसाला तो रंग सांगताच आला नसणार, म्हणून हा सगळा आव. पुढे शोधता शोधता एका कारंज्यापाशी काकू सापडल्या. रडून रडून अर्ध्या झाल्या होत्या, असं उत्तमराव सांगत आणि टोपी पुन्हा डोक्यावर घालत.

काकू हे सगळं आतून ऐकायच्या. कधी हो म्हणायच्या नाहीत आणि नाहीही म्हणायच्या नाहीत. पण युरोपहून परतल्यापासून त्यांनी नवऱ्याबरोबर घराबाहेर एक पाऊल टाकलं नव्हतं. देवळात नाही, जळगाव जामोदच्या सोयऱ्यांकडे नाही, कुणाच्या बारशाला नाही. रोमच्या फरशीने तिचे गुडघे खाल्ले, असं उत्तमराव लोकांना सांगत. त्याच गुडघ्यांनी काकू माझ्याबरोबर सगळा आठवडी बाजार पालथा घालायच्या आणि शिडीवरून गच्चीवर चढायच्या. उत्तमराव सगळीकडे एकटे जात, बाईसाहेब का नाही आल्या म्हणून सगळीकडे विचारलं जाई, आणि घरी येऊन ते रोमची सालटी काढत. मी भिंतीपलीकडे कानात कापूस घालून बसायची. अडत्याच्या घरी कापसाला तोटा नव्हता.

अशात पिंपळगाव राजाला त्यांच्या सख्ख्या भाचीचं लग्न निघालं. बहीण स्वतः बोलवायला आली. मामामामी जोडीनेच उभे राहिले पाहिजेत, मामा एकटा आला तर मी मांडवात घेणार नाही, असं तिने बजावलं. काकूंनी तिला पोटभर जेवू घातलं, ओटी भरली आणि मी येणार नाही असं शांतपणे सांगितलं. बहीण डोळे पुसत गेली. त्या संध्याकाळी उत्तमरावांनी रोमला जे शब्द वापरले ते इथे लिहिता येत नाहीत. पण त्यांचा आवाज मधेच फाटत होता.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर काकूंना बिबड्या घालू लागत होते. ज्वारीचे ते पापड पातळ पसरायला हात हलका लागतो, आणि माझा हात रागाने जड झाला होता. मी म्हणाले, काकू, तुम्ही एकदा हरवलात त्याला आता किती दिवस झाले, हे आता थांबवा.

"मी काही हरवली नव्हती, बाई," त्या बिबडी पसरत म्हणाल्या. "मी थांबली होती."

रोमच्या त्या दुपारी त्यांचे पाय उन्हाने भाजत होते. थांबा, असं त्या दोनदा म्हणाल्या. उत्तमराव देवळांची माहिती देत पुढे गेले. तेव्हा त्यांनी ठरवलं की बघू तर हे कुठवर जातात. टोपी गर्दीत दिसेनाशी झाली तरी मान वळली नाही. मग काकू कारंज्याच्या काठावर बसल्या, वहाणा काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि इथे कोण आहे आपल्या ओळखीचं, म्हणून डोक्यावरचा पदरही खाली घेतला. शेजारी तिथलीच एक म्हातारी बसली होती. तिने अर्धं संत्रं पुढे केलं. ती तिच्या भाषेत बोलली, काकू वऱ्हाडीत बोलल्या, आणि विषय दोघींचाही गुडघे हाच होता. म्हातारीने आपला नवरा कसा चालतो त्याची नक्कल करून दाखवली. मग काकूंनी दाखवली. दोघी हसून हसून दमल्या.

"मंग हे आले," काकू म्हणाल्या. "'शांतेची माय, शांतेची माय' करत. माह्या समोरून गेले. माह्याकडं पाह्यलं अन् पुढं निंगून गेले. पदर डोक्यावर नाई त मी वळखूच नाई आली त्यायले. त्या गावात येनारा जानारा मले पाहून राह्यला होता, बाई. एका मानसाले सोडून. अन् हे शिव्या त्या गावाले देते. आता मी नाई चालत त्यायच्या मागं."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ चिडले आहे, पण असं चिडणं मला कधी जमलेलं नाही. माझं आपलं संध्याकाळपर्यंत डोकं फणफणत राहिलं. उत्तमराव ओट्यावर एकटेच बसले होते. सभेला कुणी आलं नव्हतं. त्यांनी मला बघून टोपी काढली आणि रोमचा 'रो' उच्चारला, तिथेच मी त्यांना अडवलं. रोमने काहीही केलेलं नाही, म्हटलं. तुम्ही त्यांच्या समोरून गेलात आणि तुम्हाला स्वतःची बायको ओळखू आली नाही. शरम वाटायला हवी. घरमालकाशी असं बोलू नये हे मला माहीत होतं, पण बोलून झालं होतं.

मला वाटलं, आता काठी माझ्यामागे लागणार. उत्तमराव काठीकडेच बघत बसले.

"वळखली होती," ते म्हणाले.

मी पाट ओढून बसले.

"तशी पाह्यलीच नव्हती म्या तिले कधी. डोक्यावर पदर नाई, पाय पान्यात, अन् कोन्या म्हातारीसंगं खो खो हासून राह्यली. म्हनलं, आवाज देला त ती पदर घेईन, उठून मागं येईन, अन् हासनं तिथंच राहून जाईन."

म्हणून ते तसेच पुढे गेले आणि पलीकडच्या एका खांबामागे उभे राहिले. म्हातारी उठून गेली, काकूंनी आपणहून डोक्यावर पदर घेतला, तोवर ते तिथून बघत होते. मग बाहेर आले, आणि दुसरं काही सुचेना म्हणून काकूंवर ओरडले. मी विचारलं की असं आहे तर इतके दिवस रोमने तुमचं काय घोडं मारलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की भूगोलाच्या मास्तरणीला एवढंही कळू नये.

"माह्या घरात एवढी वर्सं राह्यली, कधी तशी हासली नाई. त्या गावात घडीभर बसली अन् हासली. मंग राग कोनाचा येनार, बाई?"

मी वर्गातला आवाज काढला आणि म्हणाले, हे सगळं आत जाऊन त्यांना सांगा, आत्ता. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. स्वतःच्या बायकोला खांबाआडून चोरून पाहिलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी दारात उभी राहून बोट दाखवलं. काठी ओट्यावरच ठेवून ते आत गेले.

पिंपळगाव राजाच्या लग्नाला मामामामी जोडीने गेले, हे सगळ्या गावाने पाहिलं. त्यात मी सांगण्यासारखं काही नाही. माझ्याकडे सांगायला आहे ते भिंतीतून आलेलं. आधी उत्तमरावांची कुजबुज आली. त्या घरात राहायला आल्यापासून त्यांचं बोलणं मला पहिल्यांदाच ऐकू येत नव्हतं. ती कुजबुज संपली आणि काकूंचा आवाज आला, चढलेला, रस्त्यापर्यंत जाईल असा. त्या खरोखर संतापल्या होत्या.

"मंग खांबामागं काऊन उभे राह्यले? बाजूले येऊन बसाचं होतं. जागा होती ना तिथं."