मुंबईची कॅसेट

दूध संस्थेचा सेक्रेटरी बलभीम याने शांतलिंगअप्पांची कॅसेट पुसली, ती अगदी भल्या हेतूने. आपल्याकडे बहुतेक नुकसान भल्या हेतूनेच होते.

अप्पांची दृष्टी जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुंबईची एक संस्था अंधांसाठी दर महिन्याला टपालाने कॅसेट पाठवायची. तिच्यात देशोदेशीच्या नव्या यंत्रांच्या बातम्या असत. बोलणारे घड्याळ, बोलणारा संगणक. गावात टेपरेकॉर्डर एकच, तोही दूध संस्थेचा. दुष्काळाने दूधच आटले होते, त्यामुळे संस्थेला ऐकायला सवड भरपूर होती. मागच्या कॅसेटच्या शेवटी मुंबईच्या बाई म्हणाल्या होत्या, की छापील मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या यंत्राची माहिती पुढच्या वेळी देऊ. तेव्हापासून अप्पा पोस्टमनच्या सायकलच्या आवाजावर कान ठेवून होते. त्यांना रोज पेपर वाचून दाखवणारी त्यांची बायको जगदेवी पोळ्यानंतर वारली होती. पेपर अजून यायचा आणि घडी न मोडता कोनाड्यात पडायचा. रोज उठून कुणाला वाच म्हणायचे, याची अप्पांना लाज वाटे.

कॅसेट आली ती अप्पांनी संस्थेत नेऊन ठेवली; टेपरेकॉर्डर मोकळा नव्हता, म्हणून ऐकणे सकाळवर गेले. नेमके त्याच दिवशी जनावरांच्या छावणीचे उद्घाटन होते आणि चेअरमन उत्तरेश्वररावांना आपले भाषण टेप करून हवे होते. दुसरी कॅसेट नव्हती. हिची मागची बाजू कोरीच असणार, असे बलभीम धरून चालला. पण रेकॉर्डचे बटण काही दबेना. बघतो तर कॅसेटचे दोन्ही कोपरे मोडलेले. वरून कुणी टेप करू नये म्हणून मुंबईकरांनीच ते मोडले होते. बलभीमला वाटले, टपालात आदळआपट झाली. आंधळ्या माणसाची वस्तू, म्हणून त्याने मायेने चिकटपट्टी लावून दोन्ही कोपरे दुरुस्त केले. बटण दबले. चेअरमन एका बाजूत मावले नाहीत, तेव्हा दुसरीही बाजू लागली.

संध्याकाळी त्याने ऐकून पाहिले. मुंबईच्या बाई "हे वाचणारे यंत्र" एवढे म्हणाल्या आणि लगेच "उपस्थित शेतकरी बंधूंनो" सुरू झाले.

कबूल करायचे धैर्य नव्हते. त्याची बायको कमलबाई सातवी पास होती. तिला संस्थेत बसवून, दार लावून त्याने मुंबईची बाई केले. यंत्र पेटीएवढे असते, पेपर ठेवला की बाईच्या आवाजात वाचते, असे ती त्याच कॅसेटवर जमेल तेवढ्या शुद्ध भाषेत बोलली. तेवढ्यावर थांबायचे, तर जोशात तिने दुष्काळी भागाला सगळ्यांत आधी देणार असेही सांगून टाकले.

सकाळी अप्पांनी ते दोनदा ऐकले आणि घरी गेले. दुपारी बातमी आली, की अप्पांनी खिडकीपाशी जगदेवीची बसायची जागा झाडून घेतली, घोंगडी अंथरली. आपण आंधळ्या म्हाताऱ्याला आशेला लावले, हे बलभीमला फार लागले.

तो धावत गेला आणि अप्पांचे पाय धरले. "अप्पा, यंत्र न्हाय. आमीच टेप केलं ते."

"कळलं की. मुंबईत काय दुधाचे कॅन आदळत्यात व्हय? अन् कमल मधीच खोकली."

"मग जागा कशाला झाडली?"

"तू येशील म्हणून. यंत्र बसंल कुठं?" अप्पांनी पेपर पुढे केला. "वाच."

बलभीम घोंगडीवर बसला. पाणीटंचाई वाचली, बाजारभाव वाचले, चेअरमनच्या भाषणाच्या चार ओळीही वाचल्या. पान उलटले आणि तो अडखळला. कोपऱ्यात तुळजापूरच्या एका म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या निधनाची बातमी होती, अप्पांच्या जुन्या ओळखीच्या. त्याने हळूच ती सोडून पुढची धरली.

"जगदेवी बी असंच करायची," अप्पा म्हणाले. "मरणाची बातमी आली की जरा थांबायची, अन् पुढचं वाचायची. मला वाईट वाटू नये म्हणून. मी बी कधी इचारलं न्हाय."

अप्पांनी चाचपडत पेपरावर हात ठेवला.

"आता सांग, कोण गेलं. माझं जायचं ते गेलंय."