शेवट सांगणारे नानासाहेब

आमच्या शेजारच्या नानासाहेब वकिलांसमोर रहस्यकथेचं पुस्तक उघडणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. मुखपृष्ठ दिसलं की पुरे. "खुनी डाक्टर हाये!" एवढं बोलून ते कोर्टाच्या वाटेला लागत. अमरावतीच्या आमच्या गल्लीत लोक रहस्यकथा पोथीच्या फडक्यात गुंडाळून वाचत.

कोर्टातही तीच तऱ्हा. एकदा अकोल्याहून एक पक्षकार मोठ्या आशेनं आला. नानांनी कागद पाहिले न पाहिले आणि म्हणाले, "तू हारशीन गड्या. घरी जाय, कापूस वेच." तो तणतणत दुसऱ्या वकिलाकडे गेला, आणि हरला. नानांचं भाकीत सहसा चुकत नसे. वकिली मात्र पार बसली.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून पुस्तकांबाबत आपल्याला बोलायचा हक्क आहे असं मला वाटे. वैतागून म्हटलं, "नाना, थोडी उत्सुकता राहू द्या की!"

"कावून? माणसाले अधांतरी टांगून ठेवनं पाप हाये, मास्तर."

असं ते का म्हणत, हे गल्लीला ठाऊक होतं, पण कोणी बोलत नसे. नाना-काकूंचा एकुलता एक माधव मॅट्रिकला नापास झाला, आणि निकालाच्याच दिवशी परतवाड्याच्या मोटारीत बसून गेला तो गेलाच. वर्षं लोटली. जिवंत आहे की नाही, एवढंही कळलं नाही.

मी एकदा गुप्तहेरकथांचा एक इंग्रजी संग्रह आणला. ग्रीक पुराणातली एकेक गोष्ट घेऊन तिच्यावर आजकालचा गुन्हा रचलेला. नानांनी तो माझ्या हातातून ओढूनच नेला आणि दोन दिवसांनी दारातूनच निकाल जाहीर केले: पहिलीत माळी, दुसरीत भावजय, तिसरीत खुद्द मेलेलाच! एक गोष्ट मात्र गाळली. विचारलं तर म्हणाले, "ते तुमीच वाचा."

वाचली. म्हातारा बाप कड्यावर बसून मुलाच्या जहाजाची वाट पाहतो. मुलगा जिवंत असला तर पांढरं शीड, नसला तर काळं. शीड काळं दिसतं आणि बाप समुद्रात उडी घेतो. मुलगा जहाजावर धडधाकट असतो. शीड बदललं कोणी, एवढाच काय तो गुप्तहेरापुढचा प्रश्न. मी पुस्तक मिटलं आणि पुढची गोष्ट काही वाचवेना.

त्याच हिवाळ्यात नानांकडे पोलीस आला. सेमाडोहच्या रस्त्यावर एका तरुणाचं प्रेत सापडलं होतं; परतवाड्याला येऊन ओळख पटवा, म्हणाला. नाना जागचे हलले नाहीत. तो गेल्यावर माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, तुमी जाऊन या. पन मले येऊन सांगू नका."

साऱ्या गावाला शेवट सांगत फिरणारा हा माणूस!

मी गेलो. दवाखान्यातल्या माणसानं चादर बाजूला केली. तो माधव नव्हता.

परतलो तेव्हा नाना ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी दोन्ही कान दाबून धरले. मी त्यांचे हात ओढून खाली केले आणि ओरडलोच, "तो नव्हे, नाना! आपला माधव नव्हे तो!"

ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मला वाटलं, सुटले बिचारे. मग धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले.

"म्हंजे आता अजून वाट पाहा लागते," ते म्हणाले, आणि काकूंना सांगायला आत गेले.