इंदू माणूस

कल्याणच्या दवाखान्यात मी आठवडाभर चुकीच्या माणसाजवळ बसलो होतो.

चूक आळसातून झालेली नव्हती, चांगली मेहनत घेऊन केलेली होती. कळव्याच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली की मी थेट कल्याण गाठायचो, भेटीच्या वेळात स्टुलावर बसायचो आणि संध्याकाळी डोंबिवलीत उतरून इंदूताईंना पेशंटची खबरबात सांगायचो. काय खाल्लं, कुठे दुखतंय, काय बोलला. सगळी खबरबात खरी असायची. माणूस तेवढा दुसरा होता.

आता हे कसं झालं ते कळायला आधी इंदूताई कळायला हव्यात.

आमचं एक उपासना मंडळ होतं. मूर्ती नाही, भटजी नाही, नवस नाही. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या घालायच्या, दोन पदं म्हणायची, थोडा वेळ गप्प बसायचं आणि मग चहा पीत जगाची काळजी करायची. शेजारपाजारचे आम्हाला 'बिनदेवाचे' म्हणत. मी तिथे कसा गेलो? एका रविवारी चहाचा वास आला म्हणून.

ह्या मंडळाच्या इंदूताई म्हणजे कणा. शाळेतून निवृत्त झालेल्या, किडकिडीत, सुती साडी, खांद्याला पिशवी. त्यांचा कायदा एकच होता: मंडळात कुणी कुणाला आडनाव विचारायचं नाही. "आडनाव कळलं की जात कळते," त्या म्हणायच्या, "आणि जात कळली की लोक माणसाला बस म्हणायच्या आधी कुठे बसवायचं ते ठरवतात."

नवीन कुणी आलं की गंमत असायची. 

"नमस्कार, मी सुरेश का..."

"पुरे. सुरेश. बस."

"नाही, पूर्ण नाव..."

"पुढे काही लावायचंच असेल तर माणूस लाव. सुरेश माणूस. झालं?"

स्वतःच्या दारावरच्या पाटीवरचं आडनाव त्यांनी ऑइलपेंटनं बुजवलं होतं. मंडळाच्या फळ्यावर लावायला कुणी लग्नपत्रिका आणली, तर आधी कात्री घेऊन त्यातली आडनावं कापायच्या. पत्रिकेला अशी भोकं पडायची की वधू कुठली नि मांडव कुठला, काही पत्ता लागत नसे. गॅसच्या नोंदणीत त्यांनी काय सांगितलं देव जाणे, पण दर वेळी सिलिंडरवाला खालून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडायचा, "माणूसबाई! ओ माणूसबाई! गॅस!" आणि इंदूताई गॅलरीतून अगदी प्रसन्नपणे म्हणायच्या, "आले रे!"

दुसरं त्यांचं वेड म्हणजे 'सोबत'. ज्याला कुणी नाही अशा आजाऱ्याजवळ मंडळातल्यांनी आळीपाळीनं जाऊन बसायचं. पाळ्या त्याच लावत आणि त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. बरोबर डब्यात पातळ पेज. बसण्याचेही त्यांचे नियम. धीर द्यायचा नाही. औषधं सुचवायची नाहीत. देवाचा विषय आजाऱ्यानं काढला तरच काढायचा. घड्याळाकडे बघायचं नाही. "आपण बरं करायला जात नाही," त्या बजावायच्या, "बसायला जातो. उठायची घाई असेल त्यानं बसूच नये."

मानपाड्याला एका कामगाराजवळ त्या महिनाभर बसल्या. ॲसिडनं भाजलेला बिचारा. शेवटी शेवटी त्याचे गाववाले उगवले. एकानं संशयानं विचारलं, "बाई, तुमचा धरम कंचा? ह्याला बाटवायला तर नाही ना आलात?"

"आम्ही बसणारे," इंदूताई म्हणाल्या. "तुम्हीही बसा."

तो गाववाला बसला. कामगार गेला तेव्हा त्याचा हात त्याच गाववाल्याच्या हातात होता. इंदूताई उठल्या, डबा घासला आणि दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याला नव्या आजाऱ्याकडे हजर. मंडळातले किती जण असे त्यांच्या समोर गेले! त्यांना रडताना मात्र कुणी पाहिलं नाही. आमच्यातला एक जण तर म्हणायचा, "इंदूताई पेज घेऊन आल्या की समजावं, आता आवरतं घ्यायचं."

तर अशा इंदूताई एका रविवारी माझ्याबरोबर सतरंजीची घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अनंत, कल्याणच्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात मधुकर म्हणून एक जण आहे. पोटात पाणी झालंय. फार दिवस काढेलसं वाटत नाही. त्याच्याजवळ बसायला कोणी नाही. तू जा."

"आणि तुम्ही?"

"मला नाही जमायचं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. शहाण्या माणसानं तिथे थांबून विचार केला असता. मला वाटलं, आपल्याला बढती मिळाली.

वॉर्डात सिस्टर घाईत होत्या. "मधुकर कोण?" त्यांनी विचारलं. "आडनाव?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "सिस्टर, आम्ही आडनाव मानत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच ॲडमिट करतील. मग इंजेक्शनची सुई खिडकीच्या दिशेनं हलवून म्हणाल्या, "तो बघा तिकडे." आणि गेल्या.

खिडकीजवळचा मधुकर खाडीकडच्या एका गावचा, मासेमारी करणारा. पोट त्याचंही फुगलेलं, जवळ त्याच्याही कोणी नव्हतं. मी बसलो. तो मधूनमधून बोलायचा, होडीबद्दल, पायाच्या सुजेबद्दल. एकदा म्हणाला, "बायकोशी कदी गोड बोल्लो नाय. आता त्याच डोक्यान येतं." घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या तोंडात पार नीटनेटकं झालं. मला सवयच ती, कुणाचंही बोलणं इस्त्री करून सांगायची. इंदूताईंना मी म्हणालो, "ते म्हणत होते, बायकोशी मी आयुष्यात कधी गोड बोललो नाही, आता त्याचीच खंत वाटते."

इंदूताई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"असं म्हणाला?"

"अगदी असंच."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यात डोळ्यांतलं पाणीही घातलं.

दोन दिवसांनी त्या स्वतःच म्हणाल्या, "उद्या मी येते तुझ्याबरोबर." आल्या त्या कडक इस्त्रीच्या साडीत. रस्ताभर पेजेचा डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरलेला.

वॉर्डात मी मोठ्या ऐटीत त्यांना खिडकीपाशी नेलं. "हे आपले मधुकर."

इंदूताईंनी बघितलं. "हा नाही," त्या म्हणाल्या.

मग त्या वळल्या आणि सिस्टरांना त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडून मी कुणाचं आडनाव ऐकलं ते तेवढंच. "मधुकर जोगळेकर कुठे आहेत?"

"दाराजवळचा बेड. ते काल सकाळी गेले हो. पुतण्या येऊन घेऊन गेला." सिस्टर थांबल्या. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी पण जोगळेकर," इंदूताई म्हणाल्या.

दाराजवळच्या कॉटवर नवी चादर घातलेली होती. मला तो माणूस आठवला. भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मी रोज त्याच्या पायथ्यावरूनच आत जायचो.

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी हात वर केला. मग त्याच बोलल्या, शाळेत धडा सांगावा तशा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. शाळेतली एक मैत्रीण घरी आली. नवऱ्यानं हसून तिचं आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. तो आत गेला आणि कान तुटलेल्या कपात चहा घेऊन आला. "वाईट नव्हता रे," इंदूताई म्हणाल्या. "आईला घाबरायचा. मी त्याच दिवशी निघाले. परत जायचं तर त्यानं एक शब्द बोलायला हवा होता. तो बोलला नाही. मी वाट बघत राहिले."

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग ते बायकोचं कोण म्हणालं?"

मी आत, खिडकीजवळच्या कॉटकडे बोट दाखवलं.

"आणि दाराजवळच्याशी तू कधीच बोलला नाहीस?"

"एकदा," मी म्हणालो. "परवा. त्यांनी पाणी मागितलं होतं. मी दिलं."

"प्यायला?"

"अर्धा पेला. मान मी धरली होती."

मला वाटलं आता त्या रडतील. त्यांनी फक्त मान हलवली, पुन्हा पुन्हा, पाढा बरोबर आलेल्या पोरासमोर हलवतात तशी. मग डबा उचलला, आत गेल्या आणि खिडकीजवळच्या माझ्या स्टुलावर बसल्या. एक हात कॉटच्या कडेवर ठेवला. चमच्यानं पेज पाजायला लागल्या.

तो निम्मी पेज प्यायला. दम घेतला. मी पायथ्याशी उभा होतो, आता तरी इथे एखादं बरं वाक्य बोलावं म्हणून शब्द जुळवत.

"बाय," तो इंदूताईंना म्हणाला, "उद्या तूच ये. याला नको धाडू. शेजारच्या कॉटवाल्यानं मना दोन मोसंबी दिल्या, त्या दोनी या मानसानंच खाल्ल्या."