ओपोकूचा बंद दाराआडचा नाच

नवरा दारात उभा राहिला की तो दिवसभर कुठे होता ते ती ओळखते, अशी सेरवाची घानातल्या कुमासीच्या बाजारात ख्याती होती. ती पसरवली होती तिनेच, सुकी मासळी विकता विकता.

त्यामुळे ओपोकू रोज संध्याकाळी आतल्या खोलीला कडी लावून घेऊ लागला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने दाराला कान लावला. धपधप पावलं, धापा, आणि कुणा बाईचं "शाबास!" तासाभराने तो घामाने निथळत बाहेर आला.

"आत काय चाललं होतं?"

"झोपलो होतो."

"झोपेत एवढा घाम?"

"पंखा बंद होता ना."

पंखा आत चांगला घरघरत होता.

शनिवारी तिच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. सगळा गोतावळा जमणार. त्याआधी काय तो सोक्षमोक्ष लावावा म्हणून तिने एदूसेईमामांना बोलावलं. लग्न त्यांनीच लावलं होतं, मोडायचं तरी त्यांनीच. तिला आतून रडू येत होतं, पण मामांसमोर ती रडली नाही.

संध्याकाळी दार बंद होताच मामांनी त्याला खांद्याने धडक दिली, कडी निखळली. आत बाई नव्हतीच. कपाटाला टेकवलेल्या फोनमध्ये एक धिप्पाड मावशी अडोवा, म्हणजे श्राद्धाला करतात तो नाच, शिकवत होती आणि तिच्यापुढे सेरवाचं काळं लुगडं गुंडाळून ओपोकू गिरक्या घेत होता.

"श्राद्धाला जावयाला रिंगणात ओढतात," तो ओशाळून म्हणाला. "मागच्या वेळी तुझ्या माहेरचे पोट धरून हसले. म्हटलं, गुपचूप शिकून घ्यावं."

सेरवाचा जीव भांड्यात पडला. "मग दाखव की मामांना," ती कौतुकाने म्हणाली.

ओपोकू डौलात पुढे आला, कमरेत वाकला आणि मोठ्या अदबीने त्याने मामांपुढे हात पसरला. डावा हात.

फोनमधली मावशी समोर तोंड करून उजवा हात उचलायची आणि हा आरशात बघावं तसा डावा. तीन आठवडे घाम गाळून त्याने अख्खा नाच उलटा पाठ केला होता. वडीलधाऱ्यांपुढे डावा हात करणं म्हणजे त्यांच्या तोंडात मारण्यासारखंच.

"मामा, चुकून झालं हो," सेरवा काकुळतीला आली.



"पोरी, आत बाई सापडली असती, तर दारूच्या एका बाटलीच्या दंडावर मिटवलं असतं," ते म्हणाले. "डाव्या हाताला मेंढा लागतो."