चार नंबरच्या पायाचा प्रश्न

मुरवाडी बंदरावर मासळी लिलावाची शेड उभी राहत होती, तेव्हा चार नंबरच्या काँक्रीटच्या पायाने लोखंडी खांब घ्यायला नकार दिला.

नकार तोंडी होता. पण ठेकेदार वसंत बाबर, क्रेनवाला आणि मासळीवाल्या बायका अशा सगळ्यांदेखत दिलेला होता, त्यामुळे तो ग्राह्य धरावा लागला. खांब घेण्याआधी पायाला एक प्रश्न विचारता येतो, हे काही नवीन नाही. इंजिनिअरने चपला काढून पायावर उभं राहायचं आणि उत्तर द्यायचं. उत्तर पटलं की पाया खांब घेतो आणि पुढे जन्मभर गप्प बसतो. आतल्या ओळीतल्या एक, दोन आणि सहा नंबरने नेहमीचंच विचारून आपापले खांब घेतले होते. समुद्राकडच्या ओळीत तीन, चार आणि पाच उरले होते.

"शेड पत्र्याची आहे, हलकी आहे," चार म्हणाला. "दर्याचा वारा खालून शिरला की ती वर उचलली जाणार. तेव्हा मी काय करायचं?"

"तुझ्यावर वजन फार कमी येणार आहे," शलाका खराडे म्हणाली. इंजिनिअर तीच होती. "याच्या दुप्पट तू सहज पेलशील."

"पेलण्याचं मी विचारलेलं नाही. धरून ठेवण्याचं विचारलंय."

शलाकाने चपला घातल्या आणि ती बाजूला झाली. चूक कुठे आहे हे तिला कळून चुकलं होतं. मूळ नकाशा तिने घाटावरच्या धान्यबाजारासाठी केला होता. तो इथे आणताना खारी हवा धरली, गंज धरला. पण तिथे भिंती होत्या आणि इथे नाहीत, हे तेवढं राहून गेलं. 

"मॅडम, सांगून टाका ना, वारा येत नाही म्हणून," बाबर म्हणाला. "पाया काय हवामान खात्यात चौकशी करायला जाणार आहे?"

"मी त्याच्याशी खोटं बोलणार नाही."

"मग समुद्राकडची ओळ गाळा. अर्धी शेड करू. क्रेन उद्या जायचीये."

समुद्राकडची ओळ म्हणजे चांगुणाबाय नाखवा आणि तिच्या आठ सोबतिणींची जागा. लग्न होऊन आल्यापासून ती तिथेच उन्हात बसत आलेली. शेड होणार म्हणून तिने आपली मोठी छत्री विकून टाकली होती.

"बाय, मंग आमी उनातच बसाचं का?" तिने विचारलं.

"नाही," शलाका म्हणाली. "ओळ गाळायची नाही. मला दुपारपर्यंत वेळ द्या."

दुपारपर्यंत तिने हिशेब केला. वारा चार नंबरला चार टनांनी वर ओढणार होता आणि त्याच्या अंगात दोन टन रोखण्याचं बळ होतं. पाया मोठा करायचा तर खालचा कातळ फोडावा लागला असता आणि पायालाच तडे गेले असते. शेजारचे तीन आणि पाच कडेचे, त्यांच्यावर ओढ कमी; ते तुळईने चारला जोडले तर जास्तीची ओढ वाटली गेली असती. पण त्यांची संमती हवी, आणि तीन व चार एकमेकांशी बोलत नव्हते. काँक्रीट ओलं असताना बाबरच्या माणसांनी पाणी मारलेलं गोणपाट आधी तीनवर टाकलं होतं. चारने ते मनाला लावून घेतलं होतं.

शलाकाने दोघांना समजावून पाहिलं. तीन म्हणाला, "त्याने मागावं." चार म्हणाला, "मागणार नाही."

समोर मासळीचा लिलाव चालला होता. मोठी टोपली एकाला झेपत नसली की दोघं-तिघं वाटे पाडून बोली लावायचे. कालपासून एकमेकांशी न बोलणारे व्यापारीसुद्धा बोली मात्र खणखणीत देत. शलाका ते पाहत राहिली, आणि मग ताडकन उठली.

"चांगुणाबाय, एक लिलाव पुकाराल?"

"कशाचा गो?"

"वाऱ्याच्या ओढीचा. दोन टन आहे."

चांगुणाबाय पदर खोचून तिन्ही पायांच्या मधोमध उभी राहिली. "दोन टन वढ! ताजी, दर्यावरची! कोन घेतंय, बोला!"

पाच म्हणाला, "अर्धा टन."

"अर्धा पाचाचा! तीनाच्या अंगात काय जोर नाय वाटतं?"

"एक," तीन म्हणाला.

"दीड झाला. ऱ्हायला अर्धा. बोला!"

तीन आणि पाच यांचं बळ खरंच संपलं होतं. शलाकाने आकडे ताडून पाहिले. अर्धा टन तसाच उघड्यावर पडला होता. बाबरने क्रेनवाल्याला आवराआवरीची खूण केली. शलाका चपला काढून चारवर चढली.

"माझे पंचावन्न किलो," ती म्हणाली.

चांगुणाबायने मागे वळून आपल्या रांगेकडे पाहिलं. "आमी नऊ जनी हाव," ती म्हणाली. "उरलेली वढ आमच्या नावावर."

"वारा आला की याल?" चारने विचारलं.

"आमचीच जागा हाय. जानार कुटं?"

"ठीक आहे," चार म्हणाला. "खांब आणा."

तुळई घातली, बोल्ट आवळले, पत्रे चढले, आणि पाया गप्प झाला.

वादळाचा इशारा आला त्या दिवशी शलाका पहिली एसटी पकडून बंदरावर पोचली. नऊजणी चारच्या पायावर खांबाला लगटून बसल्याच होत्या. त्यांनी सरकून तिला जागा दिली. पत्रे थडथडले, बोल्ट कुरकुरले आणि शेड एकदा वर उचलल्यासारखी झाली. शलाकाने चांगुणाबायचा हात घट्ट धरला. शेड परत खाली बसली. हळूहळू वारा पडला.

"आता उठू का?" चांगुणाबायने खाली वाकून पायाला विचारलं.

खांब घेतलेला पाया बोलत नाही. उत्तर आलं नाही, म्हणून त्या बसूनच राहिल्या. सकाळी होड्या आल्यावर त्यांनी टोपल्या तिथेच मागवून घेतल्या आणि विक्री सुरू केली. पुढे पायावर बसायच्या पाळ्या लावून घेतल्या. शनिवारची पाळी शलाकाची असते. ती येते, चपला काढते आणि बसते.