हिरव्या गाडीला धरण माहीत नव्हतं

दुसऱ्या महायुद्धाआधीची मोटार रोजच्या वापराला घ्यायची असेल, तर तुम्ही आधी काय बघाल? इंजिन, टायर, की रंग? कऱ्हाडात लोक साल बघतात. जुन्या गाडीला ती बनली तोवरचंच जग माहीत असतं, आणि जे तिला माहीत नाही ते तिच्या वाटेत येत नाही. टोलनाक्यातून ती सरळ निघून जाते, टोलवाला मान वर करूनही बघत नाही. गतिरोधकांचंही तसंच. म्हणून संसारी माणसांत या गाड्यांना मागणी आहे. फक्त जिथं रोज जायचं, ते ठिकाण गाडीच्या आधीचं असावं लागतं.

हेमलता आणि तिचा नवरा अविनाश रविवारी सकाळीच पोतदारकाकांच्या शेडवर गेले. मृण्मयी आणि पार्थ ही मुलं बरोबर होती, आणि अविनाशची आई वत्सलाबाईही.

शेडमध्ये दोनच गाड्या शिल्लक होत्या. एक अडतीस सालची काळी, एक एकोणतीस सालची हिरवी.

"मुलांची शाळा कधीची?" काकांनी विचारलं.

"पस्तीस सालची," हेमलता म्हणाली.

"मग काळीच न्या. हिरवीच्या लेखी तिथं ऊस आहे. ती थांबायची नाही, उसातून सरळ पुढं जाईल."

हेमलताला बरं वाटलं. पावसाळाभर दोन्ही मुलांना स्कूटरवर नेऊन तिचे खांदे भरून आले होते. काळीचं दार मोठं होतं आणि मागची सीट मऊ होती.

तेवढ्यात वत्सलाबाईंनी विचारलं, "ही कुसवडीला जाईल का हो?"

कुसवडी म्हणजे त्यांचं माहेर. त्या सोळा वर्षांच्या असताना गाव धरणात गेलं. निघायच्या गडबडीत त्यांनी दार नुसतं ओढून घेतलं, बाहेरून कडी लावायची राहिली. तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती. रात्री चार-चारदा उठून त्या फ्लॅटची कडी तपासायच्या, आणि ती लागलेली बघून त्यांना आणखीच वाईट वाटायचं. दाराला लागूनच हेमलताची खोली होती. तीही प्रत्येक वेळी जागी व्हायची.

"घर कधीचं?" काकांनी विचारलं.

"चोवीस सालचं. चौकटीवर कोरलंय."

"घराचं ठीक आहे. पण तो गाडीरस्ता तेहेतीस साली दरड कोसळून बंद झाला. काळीला ते ठाऊक आहे. ती घाटातून मागं फिरेल. हिरवी जाईल."

"दोन्ही घेतल्या तर?" पार्थने विचारलं.

"एका दारात दोन ठेवू नयेत बाळा. एकीला भिंत दिसते, दुसरीला दिसत नाही. फार धुसफूस होते."

अविनाश हळूच म्हणाला, "आई, शाळा रोजची आहे गं. कुसवडीला एकदाच जायचंय."

"मग काळीच घ्या की. माझं काय, मी उठून बघत जाईन."

हेमलताने काळीच्या सीटवरून एकदा हात फिरवला. मग ती म्हणाली, "हिरवी द्या काका."

"पोरांचं काय?" अविनाश म्हणाला.

"पोरांचं मी बघते. तू आईंना पुढं बसव."

काकांनी किल्ली देताना एकच सूचना केली. खाली उतरायचं तर एकाचा हात गाडीला लागलेला असावा आणि बाकीच्यांनी एकमेकांचे हात धरावेत. हात सुटला की धरण आहे.

दुपारी ते जलाशयाशी पोचले. चौकीदार डबा खात होता. गाडी उतारावरून पाण्यात शिरली. पाणी टपाच्या वर गेलं तेव्हा अविनाशने सवयीने वायपर शोधला, पण तो नव्हता. आतलं सगळं कोरडंच होतं.

"आजी, इथं मासे आहेत," मृण्मयी म्हणाली.

"आमच्या वेळी नव्हते. डावीकडं घे अविनाश, हौदाकडनं."

घर होतं. दार हातभर उघडं होतं. पण ओट्यापर्यंत गाडी जाईना, कारण मध्ये पायऱ्या होत्या आणि त्या गाडीला माहीत होत्या.

अविनाशने एक हात मडगार्डवर ठेवला आणि दुसरा हेमलताला दिला. तिने मृण्मयीचा धरला, मृण्मयीने पार्थचा, पार्थने आजीचा. तरी दार वीतभर लांब राहिलं.

"ताणा जरा," वत्सलाबाई म्हणाल्या.

"आणखी किती ताणू आई? माझं एकच बोट राहिलंय गाडीवर."

"तेवढं पुरे."

त्यांनी दार ओढलं, कडी कोयंड्यात घातली आणि दोनदा हलवून बघितली.

"बसली," त्या म्हणाल्या. "चला, पोरांचा चहा व्हायचाय."

येताना घाटात वत्सलाबाईंचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आठपर्यंत झोपलेल्या होत्या, आणि हेमलताने मुलांना स्कूटरवरून शाळेत सोडलं.