मेंदूच्या धर्तीवर गावाचं फाटक

ज्या वस्तूचा वापर कमी, तिच्याभोवती बंदोबस्त कडक, हे उत्तम प्रशासनाचं लक्षण होय. मेंदूचंच बघा.

वेल्ह्याकडच्या एका वाडीचे सरपंच हनुमंतराव डोकेदुखी घेऊन पुण्याला गेले आणि ज्ञान घेऊन परतले. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की रक्तातलं वाटेल ते आत शिरत नाही. तुम्ही अर्धी बरणी लोणचं खा, रक्तात खळबळ माजेल, पण मेंदूत मीठ जिथल्या तिथं. साखरेला खास दार. दारू, तंबाखू, चहा यांचा अंमल विनाचौकशी आत. बहुतेक औषधं मात्र दारातूनच परत.

हनुमंतराव भारावले. एकही बैठक न घेता इतका चोख कारभार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. गावाचं 'अंतर्गत वातावरण स्थिर राखणेकामी' ठराव झाला आणि फाट्यावर बांबूचं फाटक लागलं, त्याला साखरेसाठी वेगळं खास दार. राखणीला गेनबा (पात्रता: एकदा बसला की हलत नाही). पहिल्या महिन्याचा अहवाल असा: परत पाठवलेल्या खोकल्याच्या बाटल्या एक्केचाळीस, गुरांचा डॉक्टर एक (बॅगेसह), दारू निरंक.

अशात सरपंचांच्या आईच्या, धोंडाबाईंच्या, बीपीच्या गोळ्या संपल्या. म्हातारी भिंत धरून चालू लागली. गोळ्या आणणाऱ्या नर्स फौजियाबाईंना गेनबानं दोनदा परत धाडलं.

"अवो, आजी चक्कर येऊन पडतील."

"पडतील, पर वातावरण स्थिर हाय."

हनुमंतरावांचा जीव टांगणीला लागला. पण फाटक काढायचं तर चूक कबूल करावी लागणार, आणि तशी तरतूद ठरावात नव्हती. मग त्यांना आठवलं, काही औषधं मेंदूच्या खाद्याचं सोंग घेऊन आत घुसतात, असंही डॉक्टर म्हणाले होते. त्यांनी नर्सबाईंना फोन लावला.

"बाई, भोरातनं अर्धा किलो जिलबी घ्या. गोळ्या खाली ठिवा."

गेनबानं खास दार उघडलं, दोन जिलब्या तपासणीसाठी ठेवून घेतल्या. चार दिवसांत धोंडाबाई भिंत सोडून चालायला लागल्या. फाटक अजून आहे. योजना यशस्वी ठरली, असा अहवाल वर गेला आहे.

वाचकांनी हनुमंतरावांना खुशाल हसावं. मेंदूच्या या बंदोबस्ताची माहिती सरळ माहिती म्हणून आली असती, तर तुम्ही ती दुसऱ्याच ओळीला परत धाडली असती. म्हणून पाकात घोळवून पाठवली. आठवड्यानं आठवून बघा, जिलबी तेवढी आठवेल.